कमरेपर्यंत आलेले बाबा

"अहो मॅडम, हिचे पाय दिसतात, साडी दिसते, पण चेहराच येत नाही," मोडककाका फोनवर सांगत होते. काकू वारल्या होत्या, तरी सर्व्हरवरचं त्यांचं पान उघडलं की त्या रोज काकांसमोर उभ्या राहायच्या.

सर्व्हर सांभाळणाऱ्या ईशानीने फोन ठेवून सगळं तपासलं. पान शाबूत होतं, सर्व्हरच गच्च भरला होता. गेलेल्या माणसासाठी दिवा तेवत ठेवतात ना, तशी घरोघरी लोकांनी आपापल्या माणसांची पानं दिवसरात्र उघडी ठेवली होती. नव्याने उघडणाऱ्याला जेमतेम अर्धी जागा मिळत होती. उघडी पानं बंद करणं भाग होतं, आणि त्यात तिच्या बाबांचंही होतं.

तिने घरी फोन लावला.

"आई, बाबांचं पान बंद करावं लागेल गं."

"म्हणजे अंधारात बसवू त्यांना?"

"एका काकांना काकूंचा चेहरा दिसत नाहीये, आई."

आई म्हणाली, "कर बाई. पण त्यांना सांगून कर. न सांगता घालवू नकोस."

घरचं पान उघडंच होतं, ईशानीने ऑफिसातून बाबांना नव्याने उघडलं. तेही कमरेपर्यंतच आले. ऐकायला कान नव्हते, आता सांगायचं कुणाला? तिने वाकून त्यांच्या पावलांना नमस्कार केला आणि पान बंद केलं.