फाईलवाला

“सुदर्शनचं घर कुठलं हो?” फाईलवाल्या माणसानं टपरीवर विचारलं.

“कोण सुदर्शन?” हे विचारलं तात्याबानं. म्हणजे सुदर्शनच्या सख्ख्या बापानं.

“बेसबॉल खेळतो. पिचर आहे. बॉल टाकतो.”

“आमच्याकडं कुणी कायबी टाकत न्हाई,” तात्याबा म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला. केंदूर गावात अर्धा चहा ठेवून माणूस फक्त मयतीला उठतो. त्यामुळं टपरीवाला गेणबा काय ते समजला. पाच मिनिटांत निरोप गावभर फिरला: चौकशी आलीय. सुदर्शन नावाचं कुणी गावात नाही, नव्हतं, आणि पुढंही जन्माला येणार नाही.

तात्याबा कोबीच्या वावरात जाऊन बसला. वर्षभर त्याला याचीच भीती होती. मुळात त्याचा या खेळावरच विश्वास नव्हता. सोळा वर्षांचा सुदर्शन कोबीचे गड्डे लांबून पिकअपमध्ये फेकायचा. एक गड्डा शाळेतल्या माऊली सरांच्या कानाला वारा घालून गेला. सरांनी रागवायचं सोडून पोराला शिरूरला नेलं. तालुक्याला तो जिंकला. मग दौंडला जिल्ह्याचे सामने, मग विभागाचे, मग राज्याचे. दर वेळी घरी एक सर्टिफिकेट यायचं आणि तात्याबाचा संशय चार बोटं वाढायचा. ज्या खेळात स्टंपच नाहीत, त्यात माणूस आऊट कसा होतो? होमवरून पळत सुटायचं, चक्कर मारून पुन्हा होमवरच यायचं, आणि त्याचा म्हणे एक रन. घरीच यायचं होतं, तर निघालास कशाला?

त्यात शेजारच्या गावातलं प्रकरण ताजं होतं. तिथल्या एकानं नोकरीसाठी पोहण्याचं राज्यस्तरीय सर्टिफिकेट लावलं होतं. त्याच गड्याला पावसाळ्यात विहिरीतून वर काढायला चौघं लागले होते. त्या तपासाची सुरुवातही एका फाईलवाल्यानंच झाली होती.

सुदर्शन तीन दिवस दौंडला कॅम्पात होता. तीन दिवस तात्याबाच्या मोबाईलवर एक अनोळखी नंबर वाजत होता. अनोळखी नंबर उचलणाऱ्यातला तात्याबा नव्हता.

चारच्या सुमाराला शेजारची म्हातारी पार्वतीबाई बांधावरून ओरडतच आली.

“आरं तात्याबा, कसली चौकशी आन् कसलं काय! पोराला म्हाराष्ट्राच्या टीममधी घेतलंय. त्यो टीमचा म्यानेजर हाय. उद्या सकाळी दौंडातनं रेल्वे हाय त्यांची. संमतीच्या कागदावर घरच्यांची सही पायजे म्हनं.”

“असंच सांगून धरत्यात. सही केली की बाप आत.”

“मंग बस कोबीत. पोरगंबी यिऊन बसंल शेजारी.”

पार्वतीबाईचं तात्याबाला पटलं नव्हतं. मॅनेजरचं तर अजिबात पटलं नव्हतं. तरी तो उठला आणि चपला वावरात सोडून पळत सुटला.

फाट्यावर मॅनेजर गाडीला किक मारत होता. तात्याबा धापा टाकत आडवा उभा राहिला आणि त्यानं दोन्ही मनगटं जुळवून पुढं केली, बेडी घालायला सोपं जावं म्हणून.

“मीच सुदर्शनचा बाप. धरायचं तर मला धरा. पोराला तेवढं खेळू द्या.”

मॅनेजरनं गाडी स्टँडला लावली. आता संशय त्याच्या तोंडावर होता.

“सकाळी ‘कोण सुदर्शन’ म्हणून तुम्हीच विचारलंत ना?”

“व्हय.”

“बरं. दुपारपासून तुम्ही चौथे बाप.” त्यानं फाईल उघडून दाखवली. “पहिला आला टपरीवाला. सही करून गेला. मग एक मिशीवाले आले. म्हणाले, तो खोटा, बाप मी. मग एक आजोबा आले, ऐंशीचे तरी असतील. म्हणाले, दोघंही चोर.”

वडिलांच्या रकान्यात तात्याबाचं नाव तीन हातांनी लिहिलेलं होतं. तात्याबानं हात ओळखले: टपरीवाला गेणबा, मिशीवाला मच्छिंद्र आणि म्हातारा रखमाजी आप्पा. रखमाजी आप्पाला तर सही येतच नव्हती. ती त्यानं आजच शिकलेली दिसत होती.

तात्याबानं जुळवलेली मनगटं खाली घेतली.

“खरा कोण, मला कसं कळणार?” मॅनेजर म्हणाला. “वडिलांची जागा भरली. ऑफिसात दोन्ही रकाने भरलेले लागतात. आईची सही तेवढी राहिलीय. त्या कुठायत?”

“न्हाई ती. पोरगं चौथीत व्हतं तवाच गेली.”

“मग डबा कोण देतं त्याला?”

“मीच. भाकरी आन् पिठलं. मिरची एकच टाकतो. जादा झाली की रडकुंडीला येतो, पर सांगत न्हाई कुनाला.”

मॅनेजरनं मान वर केली. कॅम्पात तीन दिवस एक पिचर तिखट आमटी बाजूला सारून लाल डोळ्यांनी नुसता भात खात होता, आणि विचारलं की म्हणायचा, भूक न्हाई सर.

त्यानं पेनाचं टोपण काढलं, फाईल गाडीच्या सीटवर सपाट धरली आणि आईच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“मग ही जागा तुमचीच.”