तांब्याभर खाडी

सूरज मेकॅनिकने इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवायला घेतलं आणि दामाजीने बाकाची कड घट्ट धरली.

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांची पांढरी पिकअप पहिल्या सर्व्हिसिंगसाठी बॉनेट उघडून उभी होती. गाडी दोन महिन्यांची. आरशाला पूजेच्या हाराचा सुकलेला दोरा अजून तसाच होता. प्रणित, दामाजीचा मुलगा, चहाचा कप घेऊन गाडीभोवती फिरत होता. नव्या जावयाला मिरवावं तसं त्याचं चाललं होतं.

"बाबा, तू कशाला टेन्शन घेतो? इंजिन आणि गिअरबॉक्सची तीन वर्षं गॅरंटी आहे. नीट वापरली तर दहा वर्षं बघायला नको."

येताना शीळफाट्याच्या सिग्नलला त्याने ऐटीत इंजिन बंद केलं होतं. हिरवा दिवा लागल्यावर चावी नुसती फिरवली आणि गाडी सुरू. "बघितलंस? होडीचं इंजिन असतं तर हँडल मारून मारून खांदा गेला असता," असं म्हणून तो हसला होता. दामाजीही हसला होता. गाडी सुरू होईपर्यंत मात्र त्याची नजर चावीवरच होती.

घरची होडी विकूनच ही गाडी आली होती. बाळकुमच्या खाडीत आता जाळ्याला प्लास्टिकच जास्त लागायचं. मग प्रणित धक्क्यावरून मासळी उचलून डोंबिवलीच्या बाजारात पोचवू लागला. घर त्यावर चालत होतं. गाडी बसली तर परत जायला होडी नव्हती.

सूरजने झाकणाच्या आतून बोट फिरवलं. बोटाला पांढरट भुकटी लागली. त्याने ती उजेडात धरून पाहिली.

"ह्यात पाणी कोणी टाकलं?"

"कोणी नाही," प्रणित म्हणाला. "माझ्याशिवाय हिला कोणी हात लावत नाही."

"पाणी पण साधं नाही हे. मीठ धरलंय." सूरजने टेबलावरून एक फॉर्म उचलला. "पाणी, तेल बाहेरचं काहीच टाकलेलं नाही, असं लिहून द्या. खाली सही करा. मग पुढचं कंपनी बघेल."

प्रणितने कप खाली ठेवला आणि खिशातून पेन काढलं. त्याच्या मनात जराही शंका नव्हती. ते पाहून दामाजीला जास्तच भीती वाटली.

पूजेच्या दिवशी पहाटे तो एकटाच खाडीवर गेला होता. त्यांच्याकडे नव्या होडीला भरतीचं पहिलं पाणी द्यायची रीत. त्याच्या बापाने दिलं होतं, त्यानेही दिलं होतं. होडीचं इंजिन तर जन्मभर खाडीचंच पाणी खेचून थंड राहायचं. गाडीचं वेगळं असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. तांब्या भरून आणला, हात जोडले आणि पाण्याची खूण दिसली त्या टाकीत ओतला. गेल्या आठवड्यात टेम्पोवाला शिवराम धक्क्यावर सहज बोलता बोलता म्हणाला, खारं पाणी गेलं की इंजिन आतून सडतं. तेव्हापासून दामाजीला घास गिळवत नव्हता. प्रणित गाडी घेऊन निघाला की तो परत येईपर्यंत हा ओट्यावर बसून राहायचा.

पेन कागदाला टेकलं.

"थांब रे," दामाजी म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा सांगावं लागलं. "थांब. सही नको करू. मी टाकलंय."

प्रणितने मान वर केली.

"पूजेच्या दिवशी. खाडीचं पाणी. तांब्याभर."

पलीकडे कुणीतरी चाकाचे नट आवळत होतं.

"बाबा," प्रणित शेवटी म्हणाला, "दोन महिने झाले. दोन महिने मी ही माल भरून पळवतोय."

"होडी दिली ना आपण. म्हटलं, हिला तरी खाडी माहीत असू दे."

प्रणितने फॉर्मची घडी घातली, पुन्हा उघडली आणि सूरजकडे परत दिला. कोरा.

दुपारपर्यंत सूरजने टाकी रिकामी केली, तीन वेळा आतून धुतली, नवं कूलंट भरलं. कागदावर त्याने खरं ते लिहिलं. गिअरबॉक्सची गॅरंटी राहिली, इंजिनाची गेली.

"आता काही होणार नाही ना?" प्रणितने विचारलं.

"आज नाही," सूरज हात पुसत म्हणाला. "मिठाने आत किती खाल्लंय ते बाहेरून नाही दिसत. उद्या इंजिन जाईल, नाहीतर पाच वर्षं जाणार पण नाही. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा."

प्रणितने गाडी सुरू केली. दामाजी बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. होडीच्या इंजिनाची नुसती धडधड ऐकून तो काय बिघडलंय ते सांगायचा. लहानपणी होडीत असताना वारा सुटला की प्रणित त्याच्याकडेच बघायचा. आताही काचेमागून तो तसाच बघत होता.

"काय वाटतं, बाबा?"

दामाजीने खूप वेळ कान लावला. इंजिन नव्या गाडीसारखं गुपचूप चाललं होतं.

"मला हिचं काही कळत नाही, पोरा," तो म्हणाला आणि शेजारच्या सीटवर येऊन बसला.

वाटेत दोघांची नजर त्या छोट्या काट्यावर होती. शीळफाट्याला सिग्नल लाल झाला. प्रणितचा हात सवयीने चावीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"राहू दे," दामाजी हळूच म्हणाला. "चालूच राहू दे."