एका बटणाचं सॉफ्टवेअर

शरयूताईंचा गुडघा ऐन वेळी दुखावला आणि नातीच्या लग्नाला जाणं नवरा-बायको दोघांचंही रद्द झालं. निदान मंगलाष्टकं तरी आजीच्या आवाजात व्हावीत, म्हणून त्यांनी ती नव्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली. सीडी करायचं काम यजमानांकडे, म्हणजे वामनरावांकडे आलं.

वामनरावांनी मुद्दाम सगळ्यांत भारी सॉफ्टवेअर निवडलं. ते प्रश्नावर प्रश्न विचारत राहिलं आणि दोन सीड्या वाया गेल्या. आता एकच उरली होती.

"अहो, आपल्याला मंगलाष्टकं पाठवायचीत, विमान नाही उडवायचं," शरयूताई वैतागल्या. "ते एका बटणाचं साधं घ्या बघू!"

साध्या सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं सीडी करून दिली. लग्नाला निघालेले धाकटे दीर सीडी न्यायला दारात गाडी घेऊन उभेच होते, त्यामुळे ती ऐकून बघायला कुणाला सवडच झाली नाही.

मांडवात आजीचा सूर छान लागला होता. दुसऱ्या मंगलाष्टकात अचानक वामनरावांचा खणखणीत आवाज घुमला, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

मांडवभर हशा पिकला. अंतरपाटाआडून डोळे पुसत, हसत नवरी म्हणाली, "बघा, आजोबासुद्धा आले!"