मागं कोण राहणार

“हे एका हातानं उघडते काय?” लाइफ जॅकेटचं बकल चाचपत हंसाबाईंनी विचारलं.

“उघडते. पण पाण्यात उघडायचं नाही, आजी.” प्रेरणानं पट्टा ओढून घट्ट केला.

हंसाबाईंनी बकल उघडलं. लावलं. पुन्हा उघडून पाहिलं.

प्रेरणाची नजर त्या बकलावरच राहिली. थोड्याच वेळापूर्वी वर्षानं तिला बाभळीच्या आडोशाला बोलावून सांगितलं होतं, “मॅडम, माह्या सासूवर नजर ठेवजा. पोळ्याच्या टायमाले माहा घरवाला अ‍ॅक्सिडेंटमधी गेला. एकुलता एक पोरगा होता त्यायचा. तवापासून त्यायचं काही खरं नाही. घरी बसून बसून डोकं खराब होते, म्हणून म्हटलं पाण्यावर फिरवून आणू.”

“जिवाचं काही करतील असं वाटते काय?”

वर्षानं मान खाली घातली. “तुमी त्यायच्याजवळच राहा. बस.”

प्रेरणा राळेगावची. घरी कापूस, तूर. गोव्यात वॉटर स्पोर्ट्सचं शिकून आली आणि अमरला सोबत घेऊन दर रविवारी या धरणावर नवख्यांना पॅडलबोर्ड, म्हणजे उभ्यानं वल्हवायची तरंगती फळी, शिकवायला लागली. नाव नोंदवलेल्या यवतमाळच्या मंडळींनी ऐनवेळी नाही म्हटल्यामुळे आज या दोघीच होत्या. नेरच्या बाजूच्या बंजारा तांड्यावरून पहाटेच्या एसटीनं आलेल्या.

तिनं अमरला बाजूला घेतलं. “रद्द करायचं काय? मले बरं नाही वाटून राह्यलं.”

“एवढ्या दुरून आल्या बिचाऱ्या,” अमर म्हणाला. “तू त्या आजीले सोडूच नको. मी काठावर दोर घेऊन थांबतो.”

काठावरच्या गवतात बोर्ड ठेवून सराव सुरू झाला. आधी गुडघ्यांवर बसायचं. मग एकेक पाऊल टेकवत उभं राहायचं. नजर समोर, पायाकडे पाहायचं नाही. पडलंच तर बोर्डापासून लांब पडायचं, आणि घोट्याला बांधलेली दोरी ओढून बोर्ड जवळ आणायचा.

वर्षा पहिल्याच झटक्यात उभी राहिली आणि खुदकन हसली. “जमलं ना, मॅडम?”

“एकदम मस्त.”

हंसाबाई गुडघ्यांवरच राहिल्या. त्यांचं लक्ष शिकण्यात नव्हतंच. त्या धुक्याखालच्या पाण्याकडे बघत होत्या.

“खोल किती हाय हे?”

“मधात खोल आहे. आपण तिकडं जायचं नाही.”

“अन् कोणी गेलंच खाली, तं तू उडी मारशीन?”

“मारीन ना.”

“लवकर मारशीन?”

 प्रेरणानं हंसाबाईंचा हात हातात घेतला. म्हाताऱ्या हातावरचं गोंदण हिरवट पडलं होतं. “आजी, काही बोलायचं आहे काय तुमाले?”

हंसाबाईंनी तिची बोटं घट्ट धरली. “पोरी, एक गोष्ट हाय. घरातली हाय, सांगाले शरम वाटते, पण...”

“याडी, चाल ना,” सासूला बंजारा बोलीत ‘आई’ अशी हाक मारत वर्षा वल्हं घेऊन जवळ आली. “ऊन चढते मंग.”

हंसाबाईंनी बोटं सोडली.

निघताना एवढ्याशा गोष्टीवरून त्या अडून बसल्या. “हिले समोर जाऊ दे. मी मांगं राहीन.”

“नाही आजी. तुम्ही माझ्याजवळ.”

“मले मांगंच राह्याचं हाय.”

“याडी, मॅडम सांगते तसं कर,” वर्षा समजुतीच्या सुरात म्हणाली. “मी येते ना मांगून.”

प्रेरणानं वाद वाढवला नाही. तिनं हंसाबाईंच्या बोर्डाची पुढची दोरी सरळ आपल्या बोर्डाला बांधली आणि वल्हं मारलं.

पाणी स्थिर होतं. एक पाणकावळा खुंटावर पंख पसरून बसला होता. टेकाडाला वळसा घातल्यावर काठ दिसेनासा झाला, अमरही.

हंसाबाई सारख्या मागं वळायला बघत होत्या. दरवेळी बोर्ड डगमगत होता.

“मागं पाहू नका, आजी. पडसान.”

“वर्षा येऊन राह्यली काय?”

प्रेरणानं नजर टाकली. वर्षा बरीच मागं होती, बोर्डावर गुडघे टेकून शांत बसलेली. तिनं हात हलवला. “येऊन राह्यल्या. तुम्ही समोर पाहा.”

दोन्ही बोर्ड आणखी थोडे पुढं सरकले. मग प्रेरणाला दिसलं. हंसाबाईंनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं आणि त्यांची बोटं बकलावर होती.

तिनं झटकन बोर्ड वळवून त्यांच्या बोर्डाला भिडवला आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. “आजी, नाही! हात काढा. तुमच्या लेकाले हे पटलं असतं काय?”

“अवं, गळ्याशी येते हे. मांगं पाहू देत नाही. सोड मले.”

“नाही सोडणार. माझ्यावर भरोसा टाकला आहे वर्षाताईंनी.”

“काय भरोसा टाकला?”

“तुम्ही जिवाचं बरंवाईट कराल म्हणून तुमच्यावरच नजर ठेवाले सांगितलं मले. येताबरोबर सांगितलं.”

हंसाबाईंचा हात प्रेरणाच्या मुठीत ढिला पडला. 

“माह्यावर? पोरी, माहा लखन गेल्यापासून दोनदा विहिरीवरून ओढून आणलं मी तिले. एकटी येत होती इथं, म्हणून मी आली.”

प्रेरणानं मान वळवली. वर्षाचा बोर्ड पाण्यावर आडवा तरंगत होता. त्याच्यावर काढून ठेवलेलं लाइफ जॅकेट होतं. कोणी नव्हतं.