किल्लेदाराची फितुरी

"पान दोनशे सहा. हा किल्लेदार कोण? आपल्या बाजूचा की त्यांच्या?"

फोनवर मोठा भाऊ होता. कसा आहेस नाही, काय चाललंय नाही. धाकट्याने गिऱ्हाईक बाईंच्या नाकावरचा नवा चष्मा तसाच राहू दिला, "एक मिनिट हं" म्हणाला, आणि काउंटरखालच्या खणातून बारकं पुस्तक काढलं.

घरात त्या पुस्तकांना जाडं आणि बारकं असंच म्हणत. जाडं म्हणजे वडिलांची लाडकी ऐतिहासिक कादंबरी. तीन पिढ्या चालणारं युद्ध, एकाच नावाचे चार सरदार, आणि प्रत्येक सरदाराला मेहुणे ढीगभर. बारकं म्हणजे ती कादंबरी वाचणाऱ्याला वेड लागू नये म्हणून कुणा भल्या प्राध्यापकाने लिहिलेली मार्गदर्शिका. कोण कुणाचा कोण, कोण कधी कुणाला फितूर झाला, सगळं त्यात पानांच्या आकड्यांसकट. वडील दोन्ही एकदम वाचायचे. जाडं मांडीवर, बारकं शेजारी उशीवर.

वडील गेले आणि भावाभावांत बिनसलं. त्यांच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघे एकमेकांना नाही नाही ते बोलले. पुस्तकांची वाटणी करायला बसले तेव्हा दादाने जाडं उचललं. धाकट्याने लगेच बारकं उचललं. त्याला ते नको होतं. ते दादाला मिळू नये, एवढंच हवं होतं.

मग कितीतरी महिने बोलणंचालणं बंद. आणि एके सकाळी दुकानात फोन आला, "पान बारा. हा म्हातारा कोण?" धाकटा इतका गोंधळला की त्याने मुकाट्याने बघून सांगितलं. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी फोन ठरलेला. पान, प्रश्न, उत्तर, बरं. त्यापलीकडे शब्द नाही. जाडं न वाचताच धाकट्याला त्यातली सगळी सोयरीक पाठ झाली. फोन आला नाही की त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आज त्याने दोनशे सहावर बोट ठेवलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "बाबा न बघता सांगायचे. तू काही त्यांच्यापाशी बसला नाहीस, तुला कुठून माहीत असणार म्हणा."

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"फितूर आहे तो," तो म्हणाला. "किल्ल्याचा दरवाजा तोच उघडून देतो."

बोटाखालच्या ओळीत लिहिलं होतं : किल्लेदार शेवटपर्यंत एकनिष्ठ. दरवाजा राखताना मारला जातो.

पलीकडून दादा "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर फोन आला नाही. सुरुवातीला धाकट्याला बरं वाटलं. जिरली, असंही तो मनात म्हणाला. आठवडा सरत आला तसं त्याचं कामात लक्ष लागेना. एका आजोबांना त्याने चक्क कुणा बाईंचा चष्मा दिला, आणि आजोबाही तो घालून रस्ता ओलांडेपर्यंत काही बोलले नाहीत. दादाने पुढची पानं वाचली असणार. आपलं खोटं त्याला कळलं असणार. वडिलांच्या जिवाभावाच्या गोष्टीत आपण घाण केली. आणि आता तो परत कधीच फोन करणार नाही, याची धाकट्याला खरीखुरी भीती वाटली.

रविवारी तो बारकं काखेत मारून दादाच्या दारात उभा राहिला.

"अगंबाई, भाऊजी!" वहिनींनी दार उघडलं. त्यांच्या खांद्यावर धुतलेली चादर होती. "वाट चुकलात की काय? या, आत या."

दादा खिडकीशी बसून नखं कापत होता. जाडं टेबलावर उपडं पडलं होतं. त्याने वर पाहिलं, आणि पुन्हा नखांकडे.

धाकटा उभ्यानेच बोलला. "दादा, किल्लेदार फितूर नव्हता. मी रागाच्या भरात खोटं सांगितलं. चुकलंच माझं. हे बघ, इथे लिहिलंय." त्याने बारकं उघडून पुढे केलं.

दादाने त्याकडे पाहिलंही नाही. "माहीत आहे."

"म्हणजे वाचलंस पुढे?"

"नाही. तू सांगितलंस तेव्हाच माहीत होतं." दादाने नेलकटर मिटलं. "म्हटलं, तुला कंटाळा आला असेल माझा. म्हणून नाही केला फोन."

"पण तुला कसं कळलं?"

आतल्या खोलीतून गादी आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातात बारकं होतं. तेच मुखपृष्ठ, पण दुसरी प्रत. कडा वापरून वापरून मऊ झालेल्या.

"भाऊजी, तुम्हीच सांगा यांना काहीतरी," त्या म्हणाल्या. "वाटणी झाली त्याच आठवड्यात हे नवं विकत आणलं. आणलं तर आणलं, मी कुठे नको म्हणते? पण गादीखाली लपवायचं कशाला? चादर बदलताना दर वेळी हाताला लागतं."

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

धाकट्याने आपल्या हातातलं बारकं मिटलं. खुर्ची ओढून तो दादाच्या समोर बसला, आणि घसा साफ करून म्हणाला, "हं, सांग. आता कितव्या पानावर अडलायस?"