हार सुकेपर्यंत
सोलापूरच्या यार्डात भंगारात निघालेल्या डिझेल इंजिनाला निवृत्त ड्रायव्हर सिद्धप्पांनी दरवर्षीसारखा खंडेनवमीचा हार घातला. इंजिन तोडायला आलेला गुफरान गॅसकटर घेऊन शेजारीच उभा होता.

"अंगावर ताजा हार हाय तवर कापू नगं," सिद्धप्पा म्हणाले.

"बरं काका. सुकला की कापतो."

दुसऱ्या दिवशी हार ताजाच होता. तिसऱ्या दिवशीही. रोज पहाटे झेंडूची पिशवी घेऊन यार्डात कोण येतं, ते गुफरानला ठाऊक होतं. तो यार्डातली बाकीची इंजिनं कापत राहिला.

बाराव्या दिवशी हार सुकलेला दिसला.

गुफराननं कटर पेटवलाच नाही. सिद्धप्पांचं घर विचारत तो निघाला.