नायिकेचे केस

गोरा इन्स्पेक्टर ठाण्याची शाळा तपासायला येणार, म्हणून वरच्या वर्गातल्या पोरांनी केशवपनाविरुद्ध चांगलं जळजळीत नाटक बसवायला घेतलं. नाटक वामनने लिहिलेलं, त्यामुळे तालमीही त्याच्याच वडिलांच्या, नानांच्या, ओसरीवर. गोपीनाथला अजून मिसरूड फुटलं नव्हतं, तेव्हा विधवा नायिका तोच होणार हे कुणी सांगायलाच नको होतं. आजीचं लाल आलवण तो आणणार होता, रडण्याच्या जागी मागून सारंगी वाजणार होती.

"विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणारे हात झडोत!" वामनने शेवटचं भाषण म्हणून दाखवलं आणि गोपीनाथच्या अंगावर काटा आला. दाराआड वामनची बालविधवा बहीण द्वारकी पदराने डोळे टिपत होती. तिच्या पाठीवर जाडजूड वेणी रुळत होती.

"सगळं जमलं रे," गोपीनाथ म्हणाला, "पण पहिल्या अंकात नायिकेला लांबसडक केस हवेत. ते कुठून आणायचे?"

वामन भाषणाचे कागद नीट लावत होता.


"त्याची नको काळजी. आमच्या द्वारकीला आता चौदावं लागलंय. सोमवारी नानांनी न्हाव्याला बोलावलंय."